डिजिटल रेडिओ आणि सटवाजीमामांची मेंढरं

मी रेडिओ दुरुस्त करतो. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत उच्चारलं की शेजारचा माणूस घास तसाच हातात धरून विचारतो, "अजून?" त्या एका शब्दात इतकी काळजी असते की मलाच माझी नाडी बघावीशी वाटते.

तर होय, अजून. हिंगोलीत, एका शटरच्या दुकानात, तीस वर्षं. वय बावन्न, चष्म्याचे नंबर दोन, आणि नाटकात काम करायची हौस अपुरी राहिल्यामुळे गिऱ्हाइकासमोर ती भागवून घेण्याची सवय.

या धंद्यात नाटक लागतंच. दुरुस्तीला येणाऱ्या दहा रेडिओंतले तीन-चार तर बिघडलेलेच नसतात. सेल उलटे घातलेले असतात. पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. माणूस तीस मैलांवरून आलेला, सोबत बायको आणि मेहुणा. त्यांच्यादेखत त्याला "सेल उलटे आहेत" म्हणणं म्हणजे त्याचा फेटा रस्त्यावर टाकणं. अशा वेळी सेट उघडायचा, भुवया वर करायच्या, "हं" म्हणायचं, पाठ फिरवायची, सेल सरळ करायचे, आणि एका कोरड्या ब्रशनं उगीचच दोनदा झटकायचं. रेडिओ बोलू लागला की सगळं कुटुंब माझ्याकडे असं बघतं, की त्या नजरेवर मी आठवडाभर जगतो.

उरलेल्या रेडिओंना खरखरीचा आजार. आवाजाच्या बटणात धूळ, झिजलेली पट्टी, सुटलेला टाका. म्हणजे माझ्या धंद्याची एका ओळीतली व्याख्या: मी खरखर काढतो. तीस वर्षं मी तिच्याशी लढलो. लहान खरखर, मोठी खरखर, पावसाळी खरखर, विहिरीवरची मोटर चालू झाल्यावरची खरखर. डोळे मिटून मी तिचं मूळ गाव सांगू शकतो.

कुरुंद्याहून एकदा एक सेट आला. हळद घासून चकाकवणाऱ्या फिरत्या ढोलाशेजारी त्यानं चार वर्षं काढली होती. मी स्क्रू काढला आणि फुंकर मारली. पुढची पाच मिनिटं दुकानात कोणाला कोणी दिसेना. दुपारी डबा घेऊन बायको आली. मी, रेडिओ, टेबलफॅन, सगळे पिवळेधमक. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "आहो, नवरीकडचे कवा येणार हाएत?"

पण असे सेट कमी कमी येऊ लागले. मोबाइलनं गाणी नेली, बातम्या नेल्या. माझा मेहुणा रमेश, बायकोचा धाकटा भाऊ, उत्साही माणूस, एक दिवस टेप घेऊन आला आणि माझ्या दुकानाच्या भिंती मोजू लागला.

"काय रे?"

"काही न्हाई दाजी. काचेची कपाटं किती बसतील ते बघून राहिलो. मोबाइलची कव्हरं, चार्जर, इयरफोन. दोन्ही भिंतींना बराबर बसतील."

"आणि मी?"

त्यानं टेप माझ्या रुंदीला लावली. "तुमी बी बसाल. कोपऱ्यात."

बायकोनं निकाल दिला: वर्षभर वाट बघायची. तोवर रेडिओला बरे दिवस आले तर ठीक, नाही तर रमेशची कपाटं. वर्ष धावत सुटलं, आणि ते संपायला तीन महिने उरले असताना माझ्या दुकानात डिजिटल रेडिओ आला.

तो घेऊन आल्या वैद्य मॅडम. पुण्याच्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर, वय तिशीचं, पाठीवर बॅग, पायात बूट आणि तोंडात "काका". कंपनीला बघायचं होतं की हा नवा रेडिओ आपल्यासारख्या भागात चालेल का. दहा सेट दहा माणसांना दोन महिने वापरायला द्यायचे, मग प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचा. शेवटचा प्रश्न: जुन्या रेडिओच्या जागी हा घ्याल का? दहातल्या सात जणांनी 'हो' म्हटलं, तर कंपनीचं जिल्हा केंद्र माझ्या दुकानात. पाटी कंपनीची, प्रशिक्षण पुण्यात, सुटे भाग घरपोच.

मी मनातल्या मनात रमेशची टेप गुंडाळून त्याच्या खिशात घातली.

हा डिजिटल रेडिओ म्हणजे काय, ते सांगतो. जुना रेडिओ हा पावसातून येणाऱ्या पाहुण्यासारखा. चिखल घेऊन येईल, शिंकत येईल, पण येईल. डिजिटल हा इस्त्रीच्या कपड्यातला पाहुणा. आला तर असा येतो की घर उजळतं: खरखर नाही, शिट्टी नाही, गाणारी बाई जणू आपल्या ओट्यावर बसलेली. वर छोट्या पडद्यावर कार्यक्रमाचं नावही लिहून येतं. पण वाटेत चिखल आहे असं कळलं की तो वेशीवरूनच परत जातो. निरोप नाही, काही नाही. एकदम शांतता. जुन्यात आवाज हळूहळू खराब होतो. नव्यात तो एक तर पूर्ण असतो, नाही तर नसतोच.

आणखी एक गंमत. नवा सेट आवाज आकड्यांत घेतो, आकडे जुळवतो, मग बोलतो. या जुळवाजुळवीत काही सेकंद जातात. म्हणजे तोच कार्यक्रम जुन्या रेडिओवर आधी लागतो, नव्यावर जरा मागून. मॅडमनी हे मला सांगितलं, मी मान हलवली आणि विसरलो.

एक सेट कनेरगाव नाक्यावरच्या बाबारावांच्या ढाब्यात ठेवला होता. बाबाराव गल्ल्यावर बसतात, भटारखाना सत्तारचाचांचा. नवा सेट पुढे गिऱ्हाइकांत, जुना आत चुलीजवळ. क्रिकेटचा सामना सुरू झाला. पुढे ट्रकवाले कान टवकारून बसलेले. समालोचक म्हणतोय, गोलंदाज निघाला... आणि आतून सत्तारचाचा पोळी उलटवत म्हणाले, "गया. क्लीन बोल्ड."

काही सेकंदांनी पुढच्या रेडिओत दांडी उडाली.

ट्रकवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचा चेंडू. आतून आवाज, "छक्का." आणि छक्का. सत्तारचाचांना यात आपण काही करतोय हेच माहीत नव्हतं. ते आपल्या रेडिओशी बोलत होते. तिसऱ्या बळीनंतर मात्र त्यांना उमगलं, आणि मग त्या माणसानं डोळे मिटून, तवा हातात धरून, जे काही सुरू केलं ते कुठल्याही रंगमंचावर शोभलं असतं. चहाच्या पैजा लागल्या. सगळे चहा चाचांनी जिंकले. एक सरदारजी ड्रायव्हर तर आत जाऊन हात जोडून विचारता झाला, "चाचा, मेरी बेटी का रिश्ता इस साल होगा क्या?"

"होगा," चाचा म्हणाले, "मगर थोड़ा लेट आयेगा."

बाबारावांनी फॉर्मवर 'हो' लिहिलं. "मिस्तरी, रेडिओचं मला काही कळत न्हाई. पण त्याच्यामुळं माह्या आचाऱ्याला लोक पाया पडून राहिले."

दुसरा सेट सिद्धेश्वरला, धरणाच्या कालव्यावर चौकीदारी करून निवृत्त झालेल्या किसनआबांकडे. आबांना कानानं कमी. त्यांनी नवा सेट मांडीवर घेतला, रोजच्या निवेदिकेचा आवाज ऐकला आणि चकित होऊन म्हणाले, "इतके दिवस म्या समजत होतो बाई म्हातारी झाली. ही तर तरणी हाए!" आतून आजीबाई म्हणाल्या, "तिचं ऐकू आलं, आता माह्यं बी ऐकू येऊन राहिलं का?" आबांनी ताबडतोब कानावर हात ठेवला आणि मला खुणेनं 'हो' लिहायला सांगितलं.

असं करत दहातले नऊ फॉर्म भरले. सहा 'हो', तीन 'नाही'. नकाराची कारणं चोख होती: सेट महाग पडेल, आणि तो सेल असे खातो की जणू उपासाचं पारणं फेडतोय. उरला एक फॉर्म. त्या एका 'टिक'वर माझं दुकान टांगलेलं.

तो फॉर्म सटवाजीमामांचा.

सटवाजीमामा धनगर, औंढ्याच्या डोंगराकडचे. साठीचा माणूस, एकशे चाळीस मेंढरं, एक कुत्रं, आणि बायको गयाबाई. मामांचा रेडिओ कातडी पिशवीत, छातीवर, दिवसभर चालू. ते पुढे चालतात, मागे मेंढरं, सगळ्यांत मागे गयाबाई. गावोगावचे शेतकरी त्यांना बोलावून नेतात. मेंढरं मोकळ्या रानात बसली की लेंडीचं खत पडतं, त्याचा मोबदला धान्यात मिळतो.

दीड महिना उलटल्यावर मी चौकशीला गेलो तर नवा सेट गाठोड्यात, आणि छातीवर पुन्हा तोच जुना.

"काहून मामा?"

"मेंढरं नाराज होऊन राहिली."

मी इतका हसलो की कुत्रं उठून बसलं. मेंढरांची रेडिओबद्दल काय तक्रार असणार! म्हातारा नव्याला बिचकतोय, असं मी ठरवून टाकलं. आणि मग मी एक गोष्ट केली जी तुम्हाला सांगताना मान खाली जाते, पण पूर्ण नाही. मी म्हणालो, "मामा, जुन्याचा आवाज बसलाय. सर्व्हिस करून देतो." आणि त्यांचा धडधाकट रेडिओ पिशवीत घालून दुकानात आणून ठेवला. म्हटलं, जुना नसला की नवा वापरतील. वापरला की आवडेल. आवडला की 'हो'.

पुढचे दहा दिवस सगळं छान. मेंढरं एकाच शिवारात बसलेली, तिथं आवाज स्वच्छ, मामा खूश. मग कुरुंद्याच्या एका शेतकऱ्यानं त्यांना बोलावणं धाडलं आणि नेमकं त्याच दिवशी वैद्य मॅडम शेवटच्या फॉर्मसाठी आल्या. त्यांना व्हिडिओही करायचा होता: मेंढपाळ, छातीवर डिजिटल रेडिओ, मागे कळप. वरिष्ठांना दाखवायला.

सकाळची वेळ. मामा पुढे, रेडिओत भजन इतकं स्वच्छ की टाळ मोजून घ्यावेत. मागे एकशे चाळीस मेंढरं माना खाली घालून. मॅडम फोन धरून उलट्या चालत होत्या. मी बाजूला, चेहऱ्यावर जिल्हा केंद्र.

वाटेत एक नाला लागतो. खोलगट जागा, आणि वरून मोठ्या मनोऱ्यांच्या विजेच्या तारा गेलेल्या. रेडिओसाठी ही जागा म्हणजे चिखलच. मामा नाल्यात उतरले आणि भजन मध्येच थांबलं. कुरकुर नाही, गुरगुर नाही. बंद.

मेंढरंही थांबली.

पुढची थांबली म्हणून मागची तिच्यावर, तिच्या मागची तिच्यावर. मामांनी हाक दिली, शीळ घातली. पण या कळपात दोन पिढ्या रेडिओच्या मागे चालत वाढलेल्या. त्यांच्या लेखी मालक म्हणजे तो आवाज. गाणं असो, बातम्या असोत, नाल्यातली खरखर असो; आवाज चालतोय तोवर चालायचं. आवाज गेला म्हणजे मालक गेला. आणि मालक गेला म्हणजे सुट्टी.

डाव्या हाताला हरभरा होता. हिरवागार, घाटे धरलेला, दत्तरावांचा. एका मेंढीनं मान वळवली. एवढं पुरलं.

"मामा, हरभरा!" मॅडम ओरडल्या. गयाबाई मागून काठी घेऊन धावल्या. कुत्रं इतकं गोंधळलं की मलाच भुंकू लागलं. मामा रेडिओला थापडा मारत होते. "बोल ना रे बाबा, बोल!"

त्या क्षणी मला कळलं की मामा खरं बोलले होते, की त्यांचा जुना रेडिओ माझ्या दुकानातल्या फळीवर आहे, आणि तो इथं असता तर या नाल्यात मनसोक्त खरखरला असता आणि एकशे चाळीस मेंढरं सुखरूप पलीकडे गेली असती. दोष शंभर टक्के माझा. उपाय एकच होता.

मी मामांच्या पुढे धावलो, मेंढरांसमोर उभा राहिलो, जीभ टाळूला लावली आणि मोठ्यानं सुरू केलं, "खर्रर्रर्र... श्श्श... कुईंऽऽऽ... खर्रर्रर्र!"

काय सांगू! हरभऱ्यातली मान वर आली. मग दुसरी. मी जीव ओतला. तारेखालची जाड खरखर दिली, मध्ये काटा फिरवल्यासारखी शिट्टी दिली, चवीला दोन शब्द बातम्यांचे टाकले, "...हवामान कोरडे राहील... खर्रर्र..." मेंढरं हरभऱ्यातून बाहेर आली, माझ्या मागे लागली, आणि मी उलट्या पावली नाला चढू लागलो. तीस वर्षं जी खरखर मी लोकांच्या रेडिओतून बाहेर काढली, ती सगळी मी त्या सकाळी परत केली.

काठी घेऊन दत्तराव आले तेव्हा हे दृश्य त्यांच्यासमोर होतं: चष्मा लावलेला एक प्रौढ माणूस खरखरतोय, मागे कळप, आणि एक मॅडम शूटिंग करतेय. त्यांची काठी आपोआप खाली आली.

"मिस्तरी," ते हळूच म्हणाले, "घरी कळवू का?"

मी बोलू शकत नव्हतो. थांबलो असतो तर मेंढरं थांबली असती. मी फक्त मानेनं नाही म्हणालो.

पलीकडे, तारांपासून दूर, नवा रेडिओ काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा भजन म्हणू लागला, आणि मी बाभळीखाली आडवा झालो. दत्तरावांच्या हरभऱ्याचा एक कोपरा गेला होता. त्याचा निकाल तिथल्या तिथं लागला: कुरुंद्याहून परतताना मेंढरं दोन रात्री त्यांच्या पडीक तुकड्यात बसवायची, फुकट. दत्तराव म्हणाले, "कोपरा गेला ते जाऊ द्या. असा तमाशा बघायला मी परभणीपर्यंत गेलो असतो."

मग मॅडमनी फॉर्म काढला. हसू अजून आवरत नव्हतं.

"मामा, हा रेडिओ घ्याल का?"

मामांनी रेडिओवरची धूळ पुसली. "आवाज लई गोड हाए. घेईन ना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पेन 'हो'च्या चौकटीवर होतं. सातवा 'हो'. "काका, घेईन म्हणालेत ते. मी टिक करू शकते."

ती चौकट मला दुकानाच्या शटरएवढी दिसत होती. पण फॉर्मवर प्रश्न 'जुन्या रेडिओच्या जागी' असा होता, आणि जुन्याचं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं.

"मामा," मी उठून बसलो, "तुमच्या जुन्याला काही झालं नव्हतं. तुम्ही नवा वापरावा म्हणून मी तो नेला."

"म्हंजे चोरी," गयाबाई म्हणाल्या.

"चोरी नव्हे मावशी, सर्व्हिस."

"आमच्यात तिला चोरीच म्हंतेत."

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "तो आणून द्या मिस्तरी. हा माह्यासाठी ठिवतो, तो मेंढरांसाठी."

मी मॅडमना म्हणालो, "'नाही'वर टिक करा."

त्यांनी केली. पेनाचा तो बारीकसा आवाज मला अजून ऐकू येतो.

फॉर्म बॅगेत गेला तेव्हा गयाबाई मॅडमना म्हणाल्या, "बाई, एवढ्या शिकल्या तुमी. तुमच्या रेडिओला बी थोडं खरखरायला शिकवा की. मुका कायले होतो तो?"

मॅडम हसल्या. मग हसता हसता थांबल्या. मग वही काढून काहीतरी लिहिलं, फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "काका, मघाचं पुन्हा एकदा. अगदी तसंच. शिट्टीसकट."

महिन्याभरात कंपनीचा निर्णय आला: या भागात सध्या नको. लोक मला विचारतात, डिजिटल रेडिओ आपल्याकडे चालेल का? मी म्हणतो, आवाज ऐकलात तर तुम्ही त्याच्या प्रेमात पडाल. पण सेट महाग आहे म्हणून लोक घेत नाहीत, लोक घेत नाहीत म्हणून तो स्वस्त होत नाही. आणि नवं प्रक्षेपण सुरू केलं तरी जुनं बंद करता येत नाही, कारण नाल्यात उभ्या असलेल्या माणसाला अर्धवट का होईना, आवाज लागतो. पुरात, वादळात तर जास्तच. स्वच्छ आवाज आणि नाल्यातला अर्धवट आवाज, दोन्ही ज्याला जमतील त्याचा रेडिओ चालेल. ते जमावं आणि पाटी माझ्या दुकानावर लागावी, असं मला वाटत होतं. नाही जमलं.

रमेशची कपाटं आली. एकाच भिंतीला, एवढी तडजोड बायकोनं करवून घेतली. उजवीकडे कव्हरं, डावीकडे मी. सटवाजीमामांचा जुना रेडिओ मी स्वतः नेऊन दिला, नवे सेल घालून, सरळ.

आणि गेल्या महिन्यात, पुढचा हरभरा उभा असताना, पुण्याहून एक खोकं आलं. आत एक सेट, एकच, वैद्य मॅडमनी सुट्टीच्या दिवसांत स्वतः बसून केलेला. सोबत चिठ्ठी: "सटवाजीमामांना द्या. नाल्यात घेऊन जा."

गेलो. मामांनी तो छातीवर अडकवला, जुना मुद्दाम बंद करून गयाबाईंकडे मागे दिला. भजन सुरू. मागे मेंढरं. तारांखाली उतरलो. भजन तुटलं. मामांनी श्वास धरला, मी धरला, एका मेंढीनं हरभऱ्याकडे मान वळवली.

आणि मामांच्या छातीवरून आवाज आला, "खर्रर्रर्र... श्श्श... कुईंऽऽऽ..."

मेंढीनं मान सरळ केली. एकशे चाळीस मेंढरं नाला उतरली, नाला चढली. मागून गयाबाई ओरडल्या, "आगं बया, ह्यो तर आपला मिस्तरी बोलून राहिला!"

मी तिथंच, नाल्याच्या मधोमध उभा राहिलो. इतकी वर्षं मी लोकांचे रेडिओ उघडले, आतली धूळ, पाली, हळद पाहिली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी रेडिओवर लागलो होतो.